व्हॉइवॉडच्या गोंगाटातला तीव्र मध्यम

गिटार शिकणाऱ्या एका तरुणाचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: ‘व्हॉइवॉडचा नथिंगफेस ऐकला आणि वेडा झालो. मग मागे जाऊन त्यांचे पहिले दोन अल्बम लावले, तर नुसता गोंगाट. गिटार कुठली आणि बेस कुठला तेही कळेना. हा खरंच तोच बँड आहे का? सुरुवातीचं सगळं सोडून दिलं तर काही बिघडतं का? आणि त्यांच्या गिटारवादकाचे, पिगीचे, ते विचित्र कॉर्ड आले कुठून?’

बँड तोच आहे. माणसंही तीच चार. आणि सुरुवातीचं सोडून दिलं तर बिघडतं, कारण तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही ज्याला गोंगाट म्हणताय त्यातच आहे. मी पंचवीसेक वर्षं गिटार वाजवतोय, बरीचशी मेटल बँडमध्ये, आणि आता पुण्यात शिकवतो. माझ्याकडेही पहिल्यांदा आला तो नथिंगफेसच, कुणीतरी उतरवून दिलेल्या कॅसेटवर. दुसरा अल्बम मी कित्येक वर्षं बाजूला टाकला होता. तो परत काढला तेव्हा हातात गिटार होती, म्हणून त्यात काय आहे ते कळलं. म्हणून हे उत्तर जरा लांबेल.

आधी गाव. व्हॉइवॉड हा मेटल बँड कॅनडाचा आहे, पण टोरंटोचा नाही आणि मुळात मॉन्ट्रियलचाही नाही. क्युबेक प्रांतात, क्युबेक शहराच्या उत्तरेला साधारण दोनशे किलोमीटरवर सॅगने नावाचा भाग आहे. तिथलं जाँकिएर हे त्यांचं गाव. फ्रेंच बोलणारं, लांब हिवाळ्याचं, कारखान्यांचं. कागदाच्या गिरण्या आणि ॲल्युमिनियम. जाँकिएरला जोडलेली आर्विडा ही वसाहत 1920 च्या दशकात एका ॲल्युमिनियम कंपनीनं स्वतःच्या कामगारांसाठी उभारली. कंपनीच्या अध्यक्षाचं नाव आर्थर व्हायनिंग डेव्हिस, त्याच्या तिन्ही नावांची पहिली अक्षरं जोडून गावाचं नाव आर्विडा. दुसऱ्या महायुद्धात तिथला कारखाना जगातला सर्वांत मोठा ॲल्युमिनियम कारखाना होता, मित्रराष्ट्रांच्या विमानांना लागणारा धातू तिथून जायचा. जवळच बॅगोटव्हिलला हवाई दलाचा तळ, म्हणजे डोक्यावरून लढाऊ विमानं. कारखान्याची ती अखंड घरघर आपल्या संगीतात उतरली, हे ड्रमर अवे अनेकदा सांगत आलाय. एरवी अशा गोष्टी मुलाखतीत बऱ्या वाटतात म्हणून सांगितल्या जातात. इथे मात्र पहिला अल्बम लावला की पटतं. तो आवाज एखाद्या खोलीत चार जण वाजवताहेत असा येत नाही. भिंतीपलीकडे काहीतरी मोठं यंत्र चालू असावं तसा येतो.

1982 मध्ये चौघं एकत्र आले. गिटारवर दनी दामूर, ऊर्फ पिगी. ड्रम्सवर मिशेल लांजव्हँ, ऊर्फ अवे. बेसवर जाँ-ईव्ह तेरिओ, ऊर्फ ब्लॅकी. गायक दनी बेलांजे, ऊर्फ स्नेक. पिगी 1959 चा, बाकीचे तिघं त्याच्याहून तीन ते पाच वर्षांनी लहान. त्या वयात हा फरक मोठा असतो. सत्तरच्या दशकातलं प्रोग्रेसिव्ह रॉक, म्हणजे लांब, गुंतागुंतीच्या रचनांचं रॉक, पिगीनं ते ताजं असतानाच ऐकलेलं होतं. लहानपणी तो व्हायोलिन शिकला होता, किंग क्रिम्सन आणि रश हे बँड कोळून प्यायला होता. बाकीच्यांच्या डोक्यात मोटरहेड, व्हेनम आणि इंग्लंडचा पंक बँड डिस्चार्ज घुमत होते. हे दोन प्रवाह एका गॅरेजमध्ये आले, आणि पुढच्या दहा वर्षांची गोष्ट म्हणजे या दोघांतली ओढाताण. ‘आधी थ्रॅश (पंकचा वेग घेतलेलं आक्रमक मेटल), मग प्रोग्रेसिव्ह’ असं जे सगळीकडे छापलेलं असतं ते मला म्हणूनच पटत नाही. दोन्ही पहिल्या दिवसापासून होतं. फक्त 1984 मध्ये पंक वर होता आणि प्रोग्रेसिव्ह तळाला, 1989 मध्ये उलट झालं.

व्हॉइवॉड हा शब्द स्लाव्ह भाषांमधला, सेनानायक अशा अर्थाचा. अवे चित्रकारही आहे, आजतागायत बँडची मुखपृष्ठं तोच काढतो, आणि व्हॉइवॉड हे मुळात त्याच्या वहीतलं पात्र. अणुयुद्धानंतरच्या उजाड जगात हिंडणारा, रक्त पिणारा योद्धा. पहिल्या अल्बमवर तो हाडामांसाचा आणि लोखंडाचा असतो. पुढे चिलखत घालून रणगाड्यासारखा होतो, मग अंतराळात जातो, मग अणूच्या पोटातल्या विश्वात, आणि शेवटी स्वतःच्या डोक्यात. म्हणजे पात्राचा प्रवास आणि संगीताचा प्रवास एकाच वहीतून चाललाय. या पाचही अल्बमची चित्रं एका ओळीत मांडून बघा. संगीत कुठे चाललंय ते न ऐकताही अर्धं समजतं.

1984 च्या सुरुवातीला त्यांनी ‘टू द डेथ’ नावाचा डेमो ध्वनिमुद्रित केला. तेव्हा कॅसेट टपालानं फिरायच्या. एका देशातला पोरगा दुसऱ्या देशातल्या पोराला डेमो पाठवायचा आणि बदल्यात त्याच्याकडचा मागवायचा. जाँकिएरसारख्या गावाला जगाशी जोडणारा तोच रस्ता होता. अमेरिकेतल्या मेटल ब्लेड कंपनीच्या ‘मेटल मॅसकर’ या संग्रहमालेच्या पाचव्या भागात 1984 मध्ये त्यांचं ‘कंडेम्ड टू द गॅलोज’ हे गाणं आलं. त्याच रेकॉर्डवर ओव्हरकिल होते, फेट्स वॉर्निंग होते, आणि पुढे ज्यांचा सेल्टिक फ्रॉस्ट झाला ते स्वित्झर्लंडचे हेलहॅमरही होते. त्याच वर्षी त्याच कंपनीनं व्हॉइवॉडचा पहिला अल्बम काढला, ‘वॉर अँड पेन’.

आता तुमच्या तक्रारीकडे. गिटार कुठली आणि बेस कुठला ते कळत नाही. बरोबर आहे, कळत नाही. पण का कळत नाही ते बघा, कारण शिकण्यासारखं तिथेच आहे. ब्लॅकी बेस स्वच्छ वाजवत नव्हता. बेसला त्यानं गिटारइतकंच, खरं तर गिटारहून जास्त डिस्टॉर्शन लावलं होतं, म्हणजे आवाज फाडून खरखरीत केला होता. त्या आवाजाला त्यांनी नावही दिलं होतं, ‘ब्लोअर बेस’. भट्टीत हवा मारणारा पंखा असतो ना, तसा. एरवी थ्रॅशमध्ये बेस गिटारच्या मागे सावलीसारखा चालतो, आवाजाला बूड देतो आणि गप्प बसतो. इथे तो मधल्या पट्टीत घुसून गिटारची जागा व्यापतो. मग गिटारनं काय करायचं? पिगीनं जे केलं ते असं: खालची जागा सोडली, वरच्या तारांकडे गेला, आणि नुसते पॉवर कॉर्ड रेटायचे सोडून असे स्वर शोधू लागला जे त्या घरघरीतूनही टोचतील. पिगीचे कॉर्ड विचित्र होण्यामागे व्हायोलिन आणि किंग क्रिम्सन आहेच. पण बेसनं व्यापलेली जागा हेही एक कारण आहे असं माझं ठाम मत आहे, आणि ते मत मी बँडमध्ये वाजवून केलेलं आहे. शेजारी असा बेस उभा राहिला की तुमचे हात आपोआप दुसरीकडे जायला लागतात.

हे ऐकायचं कसं? ‘वॉर अँड पेन’मधलं शेवटचं गाणं घ्या, ‘न्यूक्लिअर वॉर’. वेगाची गाणी आत्ता बाजूला ठेवा, कारण वेगात सगळंच एकमेकांत मिसळतं. हे गाणं लांबलचक आहे आणि बराच वेळ संथ चालतं. पहिल्या वेळी फक्त बेस ऐका, बाकी काही नाही. दुसऱ्या वेळी फक्त गिटार. तिसऱ्या वेळी दोन्ही. तिसऱ्या वेळेपर्यंत चिखल निवळलेला असतो. माझ्या विद्यार्थ्यांना मी हेडफोनवर हेच करायला लावतो. पहिल्या वेळी हात टेकणारी मुलंसुद्धा तिसऱ्या वेळी मान वर करून बघतात.

आता प्रत्यक्ष गिटार घ्या. नेहमीचा पॉवर कॉर्ड धरा: सहावी तार मोकळी, पाचवी आणि चौथी तार दुसऱ्या फ्रेटवर. आपल्या भाषेत हा सा, पंचम आणि वरचा सा. जगातलं अर्धं हेवी मेटल या तीन स्वरांवर उभं आहे. आता वरची दोन्ही बोटं एक-एक फ्रेट मागे आणा. सहावी मोकळीच, पाचवी आणि चौथी पहिल्या फ्रेटवर. वाजवा. खोलीतली हवा बदलते. झालं काय, तर पंचमाच्या जागी तीव्र मध्यम आला आणि वरच्या सा च्या जागी शुद्ध निषाद. पिगीच्या एखाद्या ठरावीक गाण्यातली ही जशीच्या तशी नक्कल समजू नका, हात त्याच्या वाटेला लावण्यासाठी मी हा आकार देतो. पण त्याच्या कॉर्डांचं घराणं हेच. सा–तीव्र मध्यम हे अंतर, आणि सप्तकाला अर्ध्या स्वरानं चुकवणारी टोकं.

ज्यांच्या कानावर घरात शास्त्रीय संगीत आहे त्यांना हे चटकन कळतं. मारवा आठवा. पंचम वर्ज्य, मध्यम तीव्र, आणि सा वर विसावायचं टाळत राहायचं. संध्याकाळची ती हुरहुर त्यातूनच येते, कारण कानाला टेकायला जागाच मिळत नाही. पिगीनं मारवा ऐकला होता असं मी अजिबात सुचवत नाही, त्याच्या वाटा वेगळ्या होत्या. पण पंचम काढून घेतला की माणसाच्या कानाचं काय होतं, हे जाँकिएरमध्ये आणि पुण्यात वेगळं नसतं.

डिस्टॉर्शन लावल्यावर हे आणखी वाढतं, आणि त्यामागे साधं गणित आहे. दोन स्वर एकत्र डिस्टॉर्शनमधून गेले की त्यांच्या बेरजा-वजाबाक्यांचे नवे स्वर तयार होतात. सा 100 हर्ट्झचा धरला तर पंचम 150 चा. वजाबाकी 50, म्हणजे खालच्या सप्तकातला सा. तो कॉर्डला धरूनच असतो, म्हणून पॉवर कॉर्ड डिस्टॉर्शनमध्ये भरदार आणि पक्का लागतो. तीव्र मध्यम मात्र साधारण 141 चा. वजाबाकी 41, आणि हा स्वर सा चाही नाही आणि मध्यमाचाही नाही. तिसराच कुणीतरी येऊन गुरगुरायला लागतो. पहिल्या अल्बमांतला जो भाग तुम्हाला गोंगाट वाटला त्यातला बराचसा हा तिसरा आवाज आहे. तो ध्वनिमुद्रणाचा दोष नाही, स्वरांच्या निवडीतूनच आलेला आहे. ध्वनिमुद्रण वाईट नव्हतं असं मी म्हणत नाही. पैसा थोडा, वेळ थोडा, अनुभव शून्य, हे ऐकू येतंच.

आणखी एक. गाणी इंग्रजीत, पण इंग्रजी ही यांची भाषा नव्हती. स्नेकचे उच्चार आणि वाक्यरचना इंग्रजी माणसाला खटकतात, तेव्हाच्या काहींना हास्यास्पदही वाटले. मला त्यात एक ताकद दिसते. शब्द मोडके, म्हणून ते घोषणेसारखे आदळतात. स्नेक गातो कमी आणि भूमिका जास्त करतो, आणि पुढे ‘डायमेन्शन हात्रॉस’मध्ये त्याचा आवाज पात्रं बदलत जातो त्याची सुरुवात इथे आहे.

दुसरा अल्बम 1986 चा. त्याचं नाव म्हणजे एक डरकाळी, मूळ लिपीत प्रत्येक अक्षर तीन-तीनदा लिहिलेलं आणि ‘ओ’वर जर्मन पद्धतीची टिंबं. आपण ‘रोआर’ म्हणू. त्याआधी दोन गोष्टी घडल्या होत्या. बँड 1985 मध्ये मॉन्ट्रियलला हलला. आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात मॉन्ट्रियलमध्ये ‘वर्ल्ड वॉर थ्री’ नावाचा महोत्सव झाला, ज्यात सेल्टिक फ्रॉस्ट, डिस्ट्रक्शन, पोझेस्ड, नॅस्टी सॅव्हेज आणि व्हॉइवॉड एकाच मंचावर होते. ज्यांच्या कॅसेट टपालानं यायच्या तीच माणसं आता शेजारी उभी. बर्लिनच्या नॉइझ रेकॉर्ड्सशी करार झाला तोही याच सुमाराला. सेल्टिक फ्रॉस्ट आणि क्रिएटरसुद्धा त्याच कंपनीचे.

‘रोआर’ हा त्यांचा सर्वांत न आवडणारा अल्बम म्हणून ओळखला जातो, आणि मीही तो टाकून दिला होता हे वर सांगितलंच. त्याचा आवाज पहिल्याहूनही वाईट आहे, हे कबूल. सगळं एका भिंतीसारखं येतं. पण यातलं पहिलं गाणं, ‘कोर्गुल द एक्स्टर्मिनेटर’, हातात गिटार घेऊन वाजवायला बसा. वेग सोसून होतो. अडचण येते ती रिफच्या, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या गिटारच्या तुकड्याच्या, वळणांची. नेहमीच्या थ्रॅश रिफमध्ये हात एका चौकटीत राहतो आणि उजवं मनगट काम करतं. इथे डावा हात अशा ठिकाणी जातो जिथे जायची त्याला सवय नसते, आणि रिफ आपल्याला वाटतं तिथे संपत नाही. 1989 च्या पिगीचा सगळा आराखडा या अल्बमवर आहे, फक्त त्यावर माती आहे. ‘थ्रॅशिंग रेज’ आणि ‘रिपिंग हेडेक्स’ ही दोन गाणीही ऐका. बाकीची नंतर ऐकलीत तरी चालेल.

अवेच्या ड्रम्सबद्दल सगळे कमी बोलतात, म्हणून थोडं. डिस्चार्जकडून त्यानं ती ढकलत नेणारी पंक चाल घेतली. मेटलच्या ड्रमरची ताकद त्याच्या हातात नाही आणि तशी त्याला नकोही असावी. तो तालाच्या आत थोडा सैल असतो, आणि पिगी तिरका गेला की अवे त्याच्याबरोबर सहज वळतो. घट्ट, यंत्रासारखा ड्रमर असता तर ते कॉर्ड गणितासारखे कोरडे वाटले असते. मी अशा बँडमध्ये वाजवलंय जिथे ड्रमर फार नेमका होता आणि व्हॉइवॉडची गाणी आमच्याकडून उभीच राहिली नाहीत.

1986 मध्ये सेल्टिक फ्रॉस्टबरोबर उत्तर अमेरिका आणि पोझेस्डबरोबर युरोप असे दौरे झाले. मग ते पश्चिम बर्लिनमध्ये थांबले आणि हॅरिस जॉन्स या ध्वनिमुद्रकाच्या हाताखाली म्युझिक लॅब स्टुडिओत तिसरा अल्बम केला, ‘किलिंग टेक्नॉलॉजी’. तो 1987 मध्ये आला. तेव्हा बर्लिनला भिंत होती. 1986 च्या जानेवारीत चॅलेंजर यान आकाशात फुटलं होतं आणि एप्रिलमध्ये चेर्नोबिल झालं होतं. रेगनची अंतराळातल्या शस्त्रांची योजना रोज वर्तमानपत्रात होती. हे सगळं त्या अल्बममध्ये आहे, शब्दांत तर आहेच, आवाजातही. ‘ओव्हररिॲक्शन’ ऐका. ‘रॅव्हनस मेडिसिन’ हे गाणं प्राण्यांवरच्या प्रयोगांबद्दल आहे, त्याचा व्हिडिओही निघाला.

हॅरिस जॉन्सनं काय केलं? माझ्या कानाला ऐकू येतं ते असं: त्यानं ब्लॅकीचा बेस गप्प केला नाही. दुसऱ्या कुणीही तेच केलं असतं, डिस्टॉर्शन कमी करून बेस खाली ढकलला असता आणि गिटार पुढे आणली असती. त्यानं बेसची घरघर तशीच ठेवली आणि गिटारला तिच्या वर, पातळ आणि धारदार, स्वतःची जागा दिली. मग अचानक पिगी काय करतोय ते जगाला ऐकू आलं. लोकांना वाटलं बँड बदलला. बँड पुढे गेला होता हे खरंच, पण निम्मा बदल खिडकीची काच पुसल्याचा होता. हे पटवून घ्यायचं असेल तर ‘टॉर्नेडो’ ऐका आणि लगेच मागे जाऊन ‘कोर्गुल’ लावा. तेच हात आहेत.

1988 चा ‘डायमेन्शन हात्रॉस’ त्याच स्टुडिओत, त्याच माणसाबरोबर. माझ्या मते हा त्यांचा सर्वोत्तम अल्बम, नथिंगफेसच्याही वर. व्हॉइवॉड कणांची टक्कर घडवून एक सूक्ष्म विश्व निर्माण करतो आणि त्यात शिरतो, अशी त्याची कथा. ‘ट्रायबल कन्व्हिक्शन्स’ ड्रम्सनी सुरू होतं आणि अवे काय चीज आहे ते पहिल्या अर्ध्या मिनिटात कळतं. ‘ब्रेन स्कॅन’ वाजवायला घ्यायला हरकत नाही, पण महिनाभर राखून ठेवा. इथे पंक आणि प्रोग्रेसिव्ह यांची ओढाताण अगदी बरोबरीत आहे. पुढच्याच वर्षी एमसीए या बड्या कंपनीकडून ‘नथिंगफेस’ आला, पिंक फ्लॉइडच्या ‘ॲस्ट्रोनॉमी डॉमिनी’चा व्हिडिओ टीव्हीवर चालला, अल्बम बिलबोर्डच्या यादीत 114 व्या क्रमांकापर्यंत गेला. 1990 मध्ये त्यांच्या दौऱ्यावर साउंडगार्डन आणि फेथ नो मोर बरोबर होते. ते दोन्ही बँड पुढे केवढे मोठे झाले ते तुम्हाला माहीत आहे.

मग हे का नाही पोचले, असं लोक विचारतात. प्रत्येक अल्बमला ते बदलले, म्हणजे आधीचा श्रोता सुटायचा आणि नवा यायला वेळ लागायचा, हे एक कारण. इंग्रजीबाहेरचे होते, अमेरिकेतल्या गर्दीपासून लांब होते, हे दुसरं. पण कॅनडाच्या सगळ्याच थ्रॅशच्या वाट्याला हे आलं. ओटावाचे एक्सायटर 1983 मध्ये ‘हेवी मेटल मेनिॲक’ घेऊन आले, तेव्हा मेटॅलिकाचाही पहिलाच अल्बम येत होता. गेल्फ गावच्या रेझरनं 1985 मध्ये ‘एव्हिल इन्व्हेडर्स’ काढला. त्या नावावरून बेल्जियममध्ये पुढे एक आख्खा बँड निघाला, पण रेझर स्वतः कधी मोठे झाले नाहीत. टोरंटोच्या सॅक्रिफाइसचा 1987 चा ‘फॉरवर्ड टु टर्मिनेशन’ तर सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियातल्या कुठल्याही थ्रॅश अल्बमसमोर उभा राहील. देश प्रचंड, माणसं विखुरलेली, आणि एका शहरातून दुसऱ्या शहरात व्हॅन न्यायची तर दिवस जातो. माझ्याकडे जे शिकायला येतात त्यांना अमेरिकेचे चार मोठे बँड तोंडपाठ असतात आणि या तिघांची नावंही ठाऊक नसतात, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

वाजवणाऱ्यांमध्ये मात्र व्हॉइवॉडचं नाव कधी पुसलं गेलं नाही. मेटॅलिका सोडल्यावर जेसन न्यूस्टेड त्यांच्यात बेस वाजवायला गेला. निर्वाना बँडचा जुना ड्रमर डेव्ह ग्रोल यानं आपल्या आवडत्या मेटल गायकांना घेऊन ‘प्रोबॉट’ हा अल्बम केला, त्यात स्नेक गायला आणि चित्र अवेनं काढलं. पिगी 26 ऑगस्ट 2005 ला कर्करोगानं गेला, 45 वर्षांचा होता. जाताना त्यानं संगणकावर रिफ ठेवले होते, त्यांतून पुढचे दोन अल्बम उभे राहिले. पिगीच्या जागी पुढे दानिएल माँग्रँ आला, ऊर्फ च्युई. तोही क्युबेकचा, पोरवयापासून पिगीचं ऐकत वाढलेला, आणि आपल्या आधीच्या मार्टिर या बँडबरोबर ‘ब्रेन स्कॅन’ वाजवून ध्वनिमुद्रित केलेला. 2018 च्या ‘द वेक’ला कॅनडाचा जुनो पुरस्कार मिळाला. पिगीची जागा भरणारा माणूस सापडला, कारण पिगीचं वाजवणं कुणीतरी एकेक स्वर करून शिकत बसलं होतं.

तुम्हालाही तेच करायचंय, तर क्रम असा ठेवा. ‘डायमेन्शन हात्रॉस’ आधी, कारण नथिंगफेसवरून तिथे पोचायला सोपं. मग ‘किलिंग टेक्नॉलॉजी’. मग थेट पहिला अल्बम, आणि ‘रोआर’ सगळ्यांत शेवटी. म्हणजे उलटं, पण पूर्ण उलटं नाही. कान स्वच्छ आवाजात तयार होतो आणि मग चिखलात उतरतो.

गिटारसाठी: गेन, म्हणजे डिस्टॉर्शन किती ते ठरवणारं बटण, तुम्हाला वाटतो त्याच्या निम्मा ठेवा. या कॉर्डांत तिसरा गुरगुरता आवाज आधीच आहे, त्यावर गेन ओतला की सगळे स्वर एकसारखे होतात. आधी डिस्टॉर्शन बंद करून कॉर्ड वाजवा, प्रत्येक तार वेगळी छेडा, पाचव्या तारेवर तीव्र मध्यम नीट लागतोय का ते बघा, गळ्यानं म्हणून बघा. गळ्यानं येत नाही तोवर बोटांत बसलेला नसतो. मग तोच आकार पाचव्या फ्रेटवर न्या: सहावी तार पाचव्यावर, पाचवी आणि चौथी सहाव्यावर. मग तिसऱ्यावर, मग सातव्यावर. बोटांना वाट ठाऊक झाली की डिस्टॉर्शन चालू करा, आणि बेस वाजवणारा एखादा मित्र असेल तर त्याला बोलवा आणि त्याच्या बेसला तुमच्याहून जास्त डिस्टॉर्शन लावा. तुमचे हात कुठे जातात ते मला कळवा.